पाच लिटर

"बाबा, पेट्रोल जळतच नाही!"

सॅक्रामेंटोत रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे साताऱ्यात सकाळचे साडेनऊ. बाबांचा दुसरा चहा चालला असणार. पलीकडे जरा वेळ शांतता, मग काळजीचा सूर: "अगं, बरी आहेस ना तू?"

बरी होते! तीन रात्री नीट झोपले नव्हते, पण ते आनंदाने. माझ्या एवढ्याशा गाडीतून जास्तीचं पेट्रोल बरोबर न्यायचं तर ते कशात, कुठे आणि किती न्यायचं, एवढा एकच प्रश्न घेऊन बसले होते आणि त्या प्रश्नाचं बोट धरून कुठल्या कुठे जाऊन पोचले होते. जर्मनीतल्या कारखान्यात, इंग्लंडच्या कोळशाच्या खाणीत, आफ्रिकेच्या वाळवंटात! पहिल्याच रात्री हे हाती लागलं की द्रव पेट्रोल पेट घेत नाही, पेट घेते ती त्याच्यावर जमलेली वाफ. तीसुद्धा हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच: शंभर भागांत साधारण दीड ते साडेसात भाग. त्याहून कमी असली तर जळायला इंधन पुरत नाही, जास्त असली तर प्राणवायू पुरत नाही. केवढा अरुंद पट्टा! पण पेट्रोल उणे ४० अंशांतही पेटण्याजोगी वाफ सोडतं. म्हणजे माणसं राहतात तिथे ते सदासर्वकाळ वाफाळतच असतं. आणि ही वाफ हवेच्या तीन-चार पट जड! ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते, जमिनीलगत सरपटते, खळग्यात साचून राहते. गाडीची डिकी म्हणजे झाकण असलेला खळगाच की.

"म्हणजे न्यायचं नाही ना आता?" बाबांनी विचारलं.

"न्यायचंय! आता तर न्यायचंच आहे. कसं न्यायचं ते कळलंय मला."

गाडी १९९६ सालची, माझदा एमएक्स-५. इथे तिला मियाटा म्हणतात. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही जात पहिल्यांदा लोकांसमोर आली. माझ्याकडची कुणीतरी जिवापाड सांभाळलेली, दोन सीटांची, वजनाला जेमतेम एक टन. टप मागे टाकलं की डोक्यावर सगळं आभाळ. टाकी ४८ लिटरची. हायवेला लिटरमागे साडेअकरा किलोमीटर देते, म्हणजे एका टाकीत साडेपाचशेच्या आसपास. आणि मला जायचं होतं नेवाडातल्या टोनोपाहून ईलीला, अमेरिकेच्या ६ नंबरच्या हायवेने. टोनोपा सोडलं की रस्त्याकडेला पाटी लागते: पुढचा पंप १६३ मैलांवर. २६२ किलोमीटर! इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, त्यामुळे ती पाटी पहिल्यांदा फोटोत पाहिली तेव्हा मला लाल सिलिंडरच आठवला होता.

हिशेब केला तर २६२ किलोमीटरला २३ लिटर पुरतात. अर्धी टाकी. पण मला मध्ये आडवाटेला वळायचं होतं, कच्च्या रस्त्यावर भटकायचं होतं, मन म्हणेल तिथे थांबायचं होतं. आणि गेल्या वर्षीची एक रात्र मनातून जात नव्हती. दुसऱ्याच एका वाळवंटी रस्त्यावरच्या वस्तीत पंप बंद निघाला, काटा लाल रेघेवर टेकलेला, फोनला रेंज नाही. सकाळपर्यंत गाडीत बसून काढली. ती बसल्या बसल्या वाटलेली असहायता पुन्हा नको होती.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या चेतकला बरं होतं. रिझर्व्ह लावला की घरी."

हो, तो रिझर्व्ह! सीटखालचा तो नॉब, गाडी आचके द्यायला लागली की खाली वाकून बाबांनी तो फिरवणं, आणि त्यानेही भागलं नाही तर स्कूटर एका अंगाला आडवी कलंडवून पुन्हा किक. लहानपणी मला वाटायचं की आत दुसरी, गुपित टाकी आहे. नव्हतीच! टाकी एकच, पेट्रोल तेच. आत नळीला दोन तोंडं, एक उंचावर आणि एक तळाशी. उंच तोंडापर्यंतचं पेट्रोल संपलं की इंजिन आचके देतं आणि तुम्ही तळाचं तोंड उघडता. जास्तीचं काही नसतंच, वेळेवर मिळालेली सूचना तेवढी असते. पन्नाशीत हे कळलं आणि मी गॅरेजमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग दुसऱ्या दिवशी विजेरी घेऊन गाडीखाली शिरले. इंजिनिअरांनी पेट्रोलची टाकी कुठे बसवली आहे ते पाहा! सीटांच्या पाठीमागे, मागच्या दोन चाकांच्या मधे, गाडीच्या पोटात. मागून कोणी धडकलं तर आधी बंपर, मग डिकी चेपणार, धक्का गिळणार, तेव्हा कुठे टाकीची पाळी. डिकी मुरगळावी म्हणूनच तशी केलेली आहे. आणि मी पेट्रोल ठेवायला निघाले होते ते नेमकं तिथे. शिवाय या गाडीची बॅटरीही डिकीतच! पुढे-मागे वजन सारखं बसावं म्हणून त्यांनी ती मागच्या कोपऱ्यात नेली. तिच्यातून निघणारा वायू बाहेर सोडायला एक बारीक नळी थेट गाडीखाली काढलेली आहे. त्या नळीवरून बोट फिरवताना मला जाणवलं की हा माणूस, ज्याने ही नळी काढली, तो माझ्यासारखाच विचार करत बसला असणार: बंद जागेत काय साचेल, ते कुठून जाईल, ठिणगी कुठून येईल.

मग कुठे ठेवायचं? शेजारच्या सीटवर ठेवलं तर वाफ थेट नाकात, आणि जोरात ब्रेक मारला तर डबा डॅशबोर्डवर. डिकीच्या झाकणावर कॅरियर लावून ठेवलं तर दिवसभर उन्हात, आणि धडकेत सगळ्यात आधी तेच. आमचा मामेभाऊ मोटारसायकलवरून लेहला गेला तेव्हा तांदीच्या पंपावर, जिथे पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे, कॅन भरून सायलेन्सरच्या वर बांधून घेतला होता. तो फोटो आम्ही किती कौतुकाने पाहिला होता! आता पाहिला तर अंगावर काटा आला. उरली डिकीच, पण तिच्या आतली जागा निवडायची: पुढच्या बाजूला, सीटांच्या भिंतीला टेकून, बॅटरीपासून लांब, उभा, पट्ट्याने आवळलेला, आणि मागच्या बाजूने कपड्यांच्या मऊ पिशव्या. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर रबरी टोप्या चढवल्या.

आता डबा. इथे माझी खरी झोप उडाली.

दुकानात आधी लाल प्लास्टिकचे डबे पाहिले. इथे रंग ठरलेले आहेत, पेट्रोलला लाल, डिझेलला पिवळा, रॉकेलला निळा. एका डब्याच्या तोंडात डोकावले तर आत बारीक जाळी! ती कशाला म्हणून शोधत गेले आणि पोचले १८१५ सालात. हम्फ्री डेव्ही. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू असायचा, कामगारांच्या दिव्यांनी स्फोट व्हायचे. डेव्हीने दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी गुंडाळली. वायू जाळीतून आत येई, पेटेही, पण ज्योत बाहेर येत नसे, कारण धातूची जाळी तिची उष्णता शोषून तिला विझवून टाकायची. दोनशे वर्षांपूर्वीची ती युक्ती आज पेट्रोलच्या डब्याच्या तोंडात बसली आहे. अमेरिकेने २०२०मध्ये कायदाच केला की ज्योत आत शिरू न देणारी सोय अशा डब्यांना हवी. खाणीतल्या दिव्यात ज्योतीला बाहेर पडू द्यायचं नव्हतं, डब्यात तिला आत येऊ द्यायचं नाही. जाळी तीच!

मग कारखान्यांत वापरतात तो लाल पत्र्याचा 'सेफ्टी कॅन' पाहिला. स्प्रिंगचं झाकण, जाड पत्रा, नावातच सुरक्षा. घेणारच होते. पण त्याचं झाकण मुद्दाम असं केलेलं असतं की आतला दाब वाढला की ते स्वतःहून किलकिलं होऊन वाफ सोडतं. आगीत सापडला तर डबा फुटू नये म्हणून. कारखान्याच्या मोकळ्या जागेत हे अगदी योग्य आहे. बंद डिकीत, वाळवंटाच्या उन्हात, बॅटरीच्या शेजारी? एका जागी जे गुणाचं, ते दुसऱ्या जागी घाताचं ठरू शकतं. तो जपून परत फळीवर ठेवला.

आणि मग जेरीकॅन. बाबांच्या पिढीला तो जीपच्या पाठीवर पाहिलेला आठवेल, दोन्ही बाजूंना फुलीसारखा दाबलेला लोखंडी डबा. तो डबा मी घरी आणला, टेबलावर ठेवला आणि तासभर नुसती बघत बसले. १९३७च्या सुमाराला जर्मनीतल्या श्वेल्म गावच्या म्युलर कंपनीत व्हिन्सेन्झ ग्र्युनफोगल नावाच्या इंजिनिअरने तो घडवला. पत्र्याचे दोन अर्धे भाग, त्यांना जोडणारी एकच शिवण, तीही किंचित आत घेतलेली, म्हणजे आपटला तरी शिवणीला मार नको. ती फुली शोभेची नव्हे, तिने पत्रा ताठ राहतो आणि पेट्रोल प्रसरण पावलं तर त्याला फुगायला वाव मिळतो. झाकण फिरवायचं नाही, खटक्याने आवळायचं, पाना लागत नाही. तोंडात हवेची नळी, त्यामुळे ओतताना गुडगुड न होता सलग धार. वरच्या कुबडात थोडी हवा अडकून राहते, त्यामुळे भरलेला डबा पाण्यावर तरंगतो! आणि मुठी तीन. एका माणसाने भरलेला डबा मधल्या मुठीने उचलायचा, दोघांनी मिळून बाहेरच्या दोन मुठी धरायच्या, आणि रिकामे असले की दोन डब्यांच्या शेजारशेजारच्या मुठी एकाच हातात मावतात. तीन मुठींत माणसांच्या हातांचा केवढा विचार!

ब्रिटिशांकडे त्याच काळात पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे होते. उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत ते वाटेतच गळत, लाखमोलाचं पेट्रोल वाळूत जिरत असे. शत्रूचे डबे हाती लागले तेव्हा त्यांनी तेच वापरायला सुरुवात केली, पुढे तसेच बनवले. जर्मनांना ते 'जेरी' म्हणत, म्हणून हा जेरीकॅन. आणि यातला माझा सगळ्यात आवडता धागा तर आपल्याकडे येतो! पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनिअर १९३९मध्ये एका जर्मन सोबत्याबरोबर बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. बरोबर पाणी कशात न्यायचं असा प्रश्न पडला तेव्हा त्या सोबत्याने टेम्पलहोफ विमानतळावरून असे तीन डबे आणले. सोबत्याला वाटेतून माघारी बोलावलं गेलं, पण जाण्याआधी त्याने डबा कसा बनतो ते सगळं प्लाइसला सांगितलं. प्लाइस कोलकात्यापर्यंत पोचला आणि तिथून पुढे ही माहिती अमेरिकेत गेली. लांबच्या प्रवासात जास्तीचं काय आणि कशात न्यायचं, हा माझाच प्रश्न त्याचा होता!

२० लिटरचा डबा ४७ सेंटिमीटर उंच. टेप लावून पाहिली, माझ्या डिकीत तो उभा मावत नाही. आडवा ठेवायचा नाही हे मी ठरवलं होतं. म्हणून त्याचंच धाकटं भावंड घेतलं, ५ लिटरचं, इथल्या नियमात बसणाऱ्या नळीसह. पाच लिटर म्हणजे जेमतेम पावणेचार किलो वजन आणि ५७ किलोमीटर. तेवढं पुष्कळ झालं. जितकं कमी न्यावं तितकी काळजी कमी.

काठोकाठ मात्र भरायचा नाही. पेट्रोल उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. पहाटे १५ अंशांत भरलेलं पाच लिटर दुपारी ३५ अंशांवर गेलं तर जवळजवळ १०० मिलिलिटरने वाढतं, एक कटिंग चहा! तो कटिंग मावायला वर जागा हवी. आणि सॅक्रामेंटोत भरून न्यायचा नाही, कारण मध्ये सिएरा नेवाडाची रांग आहे. समुद्रसपाटीजवळून थेट दोन हजार मीटरच्या वर चढताना बाहेरचा दाब उतरतो आणि बंद डबा घाटात नेलेल्या वेफर्सच्या पुड्यासारखा टम्म होतो. घरून कोरा, रिकामा न्यायचा. शेवटच्या पंपावर भरायचा.

भरायचा तोही जमिनीवर ठेवून. १९९८मध्ये कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, नायॉशने, इशारा दिला होता की पिकअप गाड्यांच्या हौद्यात प्लास्टिकच्या अस्तरावर डबे ठेवून भरताना आगी लागल्या आहेत. पेट्रोल नळीतून वाहताना स्थिर विद्युत तयार होते, ती जमिनीत जायला वाट हवी, आणि खाली प्लास्टिक किंवा गालिचा असला तर ती वाट बंद. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेच! आणि नेवाडाची हवा म्हणजे कोरडी ठक्क. म्हणून डबा काँक्रीटवर, नळीचं तोंड डब्याच्या धातूला सतत टेकलेलं, धार हळू.

"एवढं करून तो डबा दिवसभर तुझ्या पाठीशीच ना?" बाबा. त्यांनी एका वाक्यात सगळ्याचं मूळ पकडलं. मी बोलता बोलता थांबले.

आणि तेव्हाच ते डोक्यात लख्ख झालं. तो डबा दिवसभर ठेवायचाच कशाला? टाकीत पाच लिटरची जागा झाली की लगेच ओतायचं! जगातली सगळ्यात सुरक्षित जागा माझ्या गाडीतच आहे, इंजिनिअरांनी पोटात लपवलेली. डिकी नुसती वाटेतली ओसरी. डबा पंपापासून टाकीत जागा होईपर्यंतच भरलेला राहील. ६०-७० किलोमीटर. तासाच्या आत!

"बाबा, तुम्ही सोडवलंत!"

"मी काय सोडवलं?" ते हसत म्हणाले. पण खूश झाले होते.

ऑक्टोबरातल्या एका पहाटे टोनोपात, १८०० मीटर उंचीवर, पंपावर आधी टाकी भरली, मग डबा जमिनीवर ठेवून पावणेपाच लिटर. खटका दाबला. हात पुसले, डब्याचं अंग पुसलं, नाक लावून पाहिलं, पट्टा आवळला. नाक हे यातलं सगळ्यात चोख उपकरण आहे. गाडीत वास आला तर काच खाली करून पुढे जायचं नाही, थांबायचं, उतरायचं, शोधायचं. वास आला नाही.

आणि मग ती पाटी! १६३ मैल. मी टप उघडं टाकलं. रस्ता सुतासारखा सरळ, एक डोंगररांग ओलांडायची की खाली सपाट दरी, दरी संपते तिथे पुढची रांग, आणि रस्त्यावर कोणी म्हणजे कोणी नाही. नुसती सेजच्या झुडपांची कडू-गोड हवा.

८० किलोमीटरवर वॉर्म स्प्रिंग्ज. नाव गावाचं, पण गाव उरलेलं नाही. बंद पडलेलं खानावळीचं घर, टेकडीवरून वाहत येणारं गरम पाणी, आणि ३७५ नंबरच्या रस्त्याचा फाटा. सात लिटर खर्च झाले होते. कोरड्या गवतापासून लांब, उघड्या मुरमावर गाडी उभी केली, इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबले. या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे बाहेर पडतो आणि टाकीचं तोंड डावीकडे आहे. ती योजनाही मला तेव्हा एखाद्या भेटीसारखी वाटली. डबा जमिनीवर ठेवला, गाडीच्या पत्र्याला हात लावला, खटका किंचित उचलला.

फुस्स.

तो उसासा! कटिंगभर फुगवटा आणि त्यावरची वाफ, मोकळ्या वाळवंटात, वाऱ्यावर. मी बाजूला सरून ती जाऊ दिली. मग नळी बसवली आणि धार धरली, गुडगुड नाही, शिंतोडा नाही, ग्र्युनफोगलच्या त्या हवेच्या वाटेने हवा आत आणि पेट्रोल बाहेर, मिनिटभरात डबा हलका. लगेच पुन्हा खटका बंद केला. कारण रिकामा डबा गरीब नसतो. भरलेल्या बंद डब्यात वाफ इतकी दाट असते की सहसा पेटत नाही, पण ओतून झाल्यावर हवा आत शिरते आणि त्या दीड-ते-साडेसातच्या पट्ट्यात यायला तिला वेळ लागत नाही. रिकाम्यालाही भरल्याइतकाच मान, तीच जागा, तोच पट्टा.

तिथून पुढे मी निर्धास्त भटकले. हायवे सोडून कच्च्या वाटेने लूनर क्रेटरच्या काठावर गेले. १३० मीटर खोल, किलोमीटरभराहून रुंद, गोल. आपल्या लोणारसारखं दिसतं, पण लोणार उल्केने केलं आणि हे खालून झालं: तापलेला शिलारस जमिनीतल्या पाण्याला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली, वाफेला मावायला जागा नव्हती.

वाफच! मी काठावर उभी राहून मोठ्याने हसले. खाली विवराच्या तळाला ढगाची सावली सरकत होती. फोनला रेंज नव्हती, नाहीतर बाबांना तिथूनच सांगितलं असतं. हातांचा वास घेतला, पेट्रोलचा नाही, सेजचा. गाडीत येऊन किल्ली फिरवली तेव्हा काटा चढत चढत थेट भरल्या टाकीच्या खुणेजवळ जाऊन थांबला.